शिक्षा वाढवावी की वाट मोकळी करावी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आणीबाणी हा शब्द उच्चारला की आपल्याला १९७५ साल आठवते. आज मी ज्या आणीबाणीबद्दल बोलणार आहे ती वेगळी. महापूर, भूकंप, साथीचा रोग असे काही ओढवले की सरकार अधिकृतपणे आपत्ती जाहीर करते. मग खास कायदे पुढे येतात. रस्ते बंद होतात, जमावबंदी लागते, साठेबाजांवर छापे पडतात. अशा काळात केलेल्या काही गुन्ह्यांना नेहमीपेक्षा जास्त शिक्षा असावी, ही कल्पनाही नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि लुइझियाना या राज्यांत आपत्तीच्या काळात लुटालूट करणाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. कारण साधे आहे. लोक संकटात आहेत, पोलीस दुसरीकडे गुंतले आहेत, आणि त्याचाच फायदा घेऊन कोणी हात साफ करून घेत असेल, तर तो साध्या चोरापेक्षा जास्त दोषी.

याच न्यायाने दुसरा प्रश्न पुढे येतो. आपत्तीच्या काळात घरातल्या बाईला मारहाण करणाऱ्यालाही जास्त शिक्षा का नसावी? तीही संकटात असते. तिच्याही मदतीला पोलीस येण्याची शक्यता कमी झालेली असते. आणि तिला तर घराबाहेर पडायलाच बंदी असते.

मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते. पोटगी, नांदवायला नेण्याचे दावे, कौटुंबिक हिंसाचार, यांतच माझी बहुतेक वर्षे गेली. त्यामुळे या मागणीला माझा लगेच होकार असेल, असे अनेकांना वाटते. माझा होकार आहे, पण तो अर्धा आहे. तो अर्धा का, आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी मला काय हवे, ते आज सांगते.

आधी मार्च २०२० आठवू. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश बंद झाला. राष्ट्रीय महिला आयोगाकडे २ ते ८ मार्च या आठवड्यात सगळ्या प्रकारच्या मिळून ११६ तक्रारी आल्या होत्या. २३ मार्च ते १ एप्रिल या दिवसांत हा आकडा २५७ झाला. त्यांपैकी कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी ३० वरून ६९ वर गेल्या. हिशेब नीट करायचा तर पहिला काळ सात दिवसांचा आणि दुसरा दहा दिवसांचा आहे, म्हणजे वाढ दिसते तेवढी मोठी नाही. पण दुसरी बाजूही पाहा. एरवी आयोगाकडे पुष्कळ तक्रारी टपालाने येतात, आणि त्या दिवसांत बायकांना टपालपेटीपर्यंत जाता येत नव्हते. ज्यांना ई-मेल करता येतो, ज्यांच्या हातात स्वतःचा फोन आहे, मुख्यतः त्यांच्याच या तक्रारी.

आता फोन किती जणींच्या हातात आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रियांकडे नव्हता. याच पाहणीनुसार विवाहित आणि पूर्वी विवाहित असलेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात सुमारे २९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसलेली आहे. हिंसा सोसलेल्यांपैकी ती थांबावी म्हणून कोणाची तरी मदत मागणाऱ्या शंभरात फक्त १४ निघाल्या. हे चौदा जणींचे प्रमाण डोक्यात ठेवा. शिक्षा तीन वर्षांची असो की दहा वर्षांची, ती लागू होण्यासाठी आधी बाईने तोंड उघडावे लागते.

हे फक्त साथीच्या वेळी होते असेही नाही. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया प्रांतात भीषण वणवा पेटला, १७३ माणसे गेली. त्यानंतर डेब्रा पार्किन्सन आणि क्लेअर झारा या अभ्यासकांनी त्या भागातल्या स्त्रियांशी बोलून घराघरात वाढलेल्या मारहाणीची नोंद केली. त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाली. नवरा वणव्याशी झुंजला, त्याने सगळे गमावले, आता त्याच्याविरुद्ध काय बोलायचे, असे म्हणून त्या बायकांना गप्प केले गेले. आपल्याकडे पूर ओसरल्यावर हेच ऐकू येते. 'त्याचं डोकं ठिकाणावर नाही, पीक गेलंय, जरा सोसून घे.' सोसण्याची वेळ मात्र नेहमी एकीवरच येते.

आता आपला कायदा काय म्हणतो ते पाहू. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ सालचा आहे. त्यात आपत्तीच्या काळातल्या गुन्ह्यांची यादी आहे. मदत मिळवण्यासाठी खोटा दावा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद. मदतीचे धान्य, पैसे हडप केले तर दोन वर्षांपर्यंत. खोटी अफवा पसरवून घबराट केली तर एक वर्षापर्यंत. याच कायद्याच्या बाराव्या कलमात मदतीचे किमान निकष ठरवताना विधवा आणि अनाथ यांच्यासाठी खास तरतूद करावी, असे म्हटले आहे. चांगली गोष्ट आहे. पण जिचा नवरा जिवंत आहे, शेजारीच आहे आणि मारतो आहे, तिची आठवण या कायद्याला कुठे झालेली नाही. नवरा गेला तर ती आपद्ग्रस्त, नवरा मारत असेल तर तो घरगुती मामला.

गंमत म्हणजे २००५ सालीच संसदेने दुसराही एक कायदा केला: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन कायद्यांची एकमेकांशी ओळखच नाही. एकाला आपत्ती कळते पण घर कळत नाही, दुसऱ्याला घर कळते पण आपत्ती कळत नाही.

आता आपत्तीत शिक्षा वाढवायची तर आपल्या देशात त्याचे ताजे उदाहरण आहे, आणि ते याच साथीतले. साथरोग कायदा १८९७ सालचा, म्हणजे मुंबईतल्या प्लेगच्या वेळचा. त्या वर्षी पुण्यात प्लेगचे रोगी शोधायला गोरे सोजीर घराघरात, माजघरापर्यंत शिरले. त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. सव्वाशे वर्षांनी तोच कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला. डॉक्टर आणि परिचारिकांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून त्यात दुरुस्ती झाली आणि सप्टेंबरमध्ये संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. आरोग्यसेवकावर हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. गंभीर इजा केल्यास सहा महिने ते सात वर्षे कैद आणि एक ते पाच लाख दंड. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. तपास तीस दिवसांत, खटला वर्षाच्या आत.

म्हणजे सरकारने मनावर घेतले तर साथीच्या काळात महिन्याभरात शिक्षा वाढवता येते, हे सिद्ध झाले. मग घरातल्या मारहाणीसाठी असे का झाले नाही, असे विचारणाऱ्या बायकांचा राग मला समजतो. डॉक्टरच्या अंगाला हात लावला तर सात वर्षांपर्यंत, आणि बायकोच्या अंगाला लावला तर चारशे अठ्ठ्याण्णव-अ खाली फार तर तीन. हे कलम १९८३ साली आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात ते ८५ आणि ८६ या क्रमांकांवर गेले. आकडे बदलले, पण वर्षे तीनच राहिली.

राग समजतो, तरी माझा होकार अर्धाच. कारण डॉक्टर आणि बायको यांच्या परिस्थितीत फरक आहे. डॉक्टरवरचा हल्ला दवाखान्यात होतो. तिथे कॅमेरा असतो, पाच-पन्नास साक्षीदार असतात, फिर्याद द्यायला संस्था उभी असते, आणि संध्याकाळी डॉक्टर आपल्या घरी जातो. हल्लेखोर त्याच्या घरात राहत नाही. बायकोची फिर्याद तिला एकटीला द्यावी लागते, आणि देऊन परत त्याच घरात जायचे असते. शिवाय पगार त्याचा, रेशन त्याच्या जिवावर, मुलांची फी त्याच्या खिशातून. तो दहा वर्षे आत गेला तर आपण काय खायचे, हा प्रश्न तिला कायदा वाचण्याआधीच पडलेला असतो. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी बायकांचे पहिले वाक्य असते, 'ताई, त्याला आत नका घालू, फक्त मारायचं थांबवा.' अशा बाईला तुम्ही सांगितले की आता शिक्षा तिप्पट झाली आहे, तर ती तक्रार करायला पुढे येईल की आणखी दोन पावले मागे जाईल?

दुसरे असे, की त्या दिवसांत तुरुंगाचे काय चालले होते? २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितले. तुरुंगात साथ पसरू नये म्हणून, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतल्या कच्च्या कैद्यांना तात्पुरते सोडण्याचा विचार व्हावा, असे त्यात होते. ते योग्यच होते. पण पाहा, ज्या महिन्यात आपण कागदावर शिक्षा वाढवायची म्हणतो, त्याच महिन्यात तुरुंगाची दारे उघडत होती. त्याआधी २०१४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, विशेषतः ४९८-अ मध्ये, सरसकट अटक करू नये असे बजावले होते. तेव्हा वाढीव वर्षांनी त्या एप्रिलमध्ये कोणाला अडवले असते?

त्या एप्रिलमधलीच एक हकीकत सांगते. माझ्या एका अशिलाकडे न्यायालयाचा संरक्षण आदेश होता. नवऱ्याने तिच्या घरात पाऊल टाकायचे नाही, असा स्पष्ट हुकूम. नवरा शहरात कामाला होता. काम बंद पडले, तो गावी आला आणि थेट तिच्या दारात उभा राहिला. जाणार तरी कुठे, असे त्याचे म्हणणे. तिने पोलिसांना फोन केला. उत्तर आले, 'बाई, सगळा स्टाफ बंदोबस्तात आहे. लॉकडाऊन उठला की बघू.' न्यायालयात तेव्हा फक्त तातडीचे काम चालू होते आणि तिथवर पोचायला एसटी नव्हती. दहा-बारा किलोमीटरवर तिचा भाऊ. तिथे जायला परवाना हवा. मी पाहिलेल्या परवान्याच्या अर्जात कारणे छापलेली होती: वैद्यकीय उपचार, नातलगाचे निधन, अडकून पडणे. 'घरात मार खाते' असे कारण त्यात नव्हते.

तिची सुटका कशी झाली? सर्वेक्षणाची वही घेऊन दारोदार फिरणाऱ्या आशाताईमुळे. त्या दिवसांत दारात येऊन 'कोणाला ताप आहे का' विचारायची परवानगी फक्त तिला होती. तिने बाईच्या कपाळावरचे टेंगूळ पाहिले, वहीत काही लिहिले नाही, पण सरपंचांच्या कानावर घातले. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या कारणाखाली परवाना निघाला आणि बाई मुलांसह भावाकडे पोचली. हुकूम तिच्या पिशवीत होता. घर सोडून जावे लागले तिलाच. ज्याला घरात यायची बंदी होती तो घरात राहिला.

श्रोतेहो, या हकिकतीत शिक्षेची वर्षे कमी पडली असे मला वाटत नाही. कमी पडले ते दुसरेच. पोलिसाला हे काम तातडीचे वाटले नाही. परवान्यात कारणाचा रकाना नव्हता. संरक्षण अधिकारी अत्यावश्यक सेवेत धरलेला नव्हता. आणि घर कोणी सोडायचे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

हा शेवटचा प्रश्न मात्र त्याच दिवसांत दोन ठिकाणी विचारला गेला. इटलीत ट्रेंटो येथील सरकारी अभियोक्त्याने सांगितले की टाळेबंदीत मारहाण झाली तर घर मारणाऱ्याने सोडायचे, मार खाणारीने नाही. आणि दुसरे ठिकाण आपले पुणे. एप्रिल २०२० मध्ये पुणे जिल्हा परिषदेने जाहीर केले की टाळेबंदीत घरात मारहाण करणाऱ्या पुरुषाची आधी गावपातळीवरच्या समितीमार्फत समजूत घालावी, आणि तरी तो ऐकत नसेल तर त्याला संस्थात्मक विलगीकरणात नेऊन ठेवावे. म्हणजे बाहेरगावहून आलेल्यांना जसे शाळेत किंवा वसतिगृहात ठेवत होते, तसे याला ठेवायचे.

वकील म्हणून मला या निर्णयात त्रुटी दिसतात. विलगीकरण ही रोग रोखण्याची व्यवस्था आहे, ती शिक्षा म्हणून वापरता येत नाही. न्यायालयाच्या हुकमावाचून कोणाला डांबून ठेवणे उद्या भलत्याच कामासाठीही वापरले जाईल. हे सगळे मान्य. पण त्या निर्णयामागचा विचार अगदी बरोबर होता. सगळे जग 'घरातच राहा' म्हणत असताना त्यांनी ओळखले, की काही घरांतून एक माणूस बाहेर काढावा लागेल आणि तो माणूस ती बाई नसेल.

आणि यासाठी नवा कायदाही लागत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातले एकोणिसावे कलम दंडाधिकाऱ्याला हाच अधिकार देते: पुरुषाने सामाईक घर सोडून जावे, असा हुकूम करण्याचा. तेविसाव्या कलमाखाली हा हुकूम अंतरिम, प्रसंगी एकतर्फीही देता येतो. पहिली सुनावणी साधारणपणे अर्जापासून तीन दिवसांत व्हावी, असे बारावे कलम सांगते. सासऱ्याच्या नावावरचे घर असले तरी ते सुनेचे सामाईक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालात स्पष्ट केले. औजार घरात आहे. फक्त आपत्ती आली की ते कपाटात बंद होते.

बाकी ठिकाणीही त्या वर्षी चांगल्या गोष्टी झाल्या. स्पेनने हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीच्या सेवा अत्यावश्यक म्हणून जाहीर केल्या. तिथे कॅनरी बेटांवर एक युक्ती निघाली. बाईने औषधाच्या दुकानात जाऊन 'मास्क १९' मागायचा, की दुकानदाराने समजायचे आणि मदत बोलवायची. आपल्याकडे जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि किराणा व औषधांची दुकाने अशा जागी स्त्रियांना बोलता येईल अशी सोय करावी, वेगळा निधी ठेवावा, असे सांगितले. ओडिशा पोलिसांची कल्पना मला सर्वांत आवडली. टाळेबंदीपूर्वी ज्या बायकांनी तक्रारी केल्या होत्या, त्यांना पोलीस ठाण्यातूनच फोन करून 'कसं चाललंय' विचारायला त्यांनी सुरुवात केली. ज्या बाईला फोन करता येत नाही, तिला फोन यावा. नवऱ्यालाही कळावे, की ठाण्यात आपले नाव कोणाच्या तरी लक्षात आहे. या धाकाला वर्षे मोजावी लागत नाहीत.

महाराष्ट्राकडे तर यासाठी जुनी जमीन तयार आहे. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, पण प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांचा. पुढे तो प्रयोग राज्यभर पसरला. गावागावांत अंगणवाडी सेविका आहेत, आशा आहेत, बचत गट आहेत. यांना आपत्तीच्या आदेशात फक्त एक ओळीचा अधिकार हवा.

म्हणून माझे म्हणणे असे. पुढच्या वेळी आपत्ती जाहीर होईल, आणि ती होणारच, पूर तर आपल्याकडे २०१९ ला आला, २०२१ ला पुन्हा आला, तेव्हा त्या जाहीरनाम्यात एक परिच्छेद घरासाठी असावा. त्यात पाच-सहा गोष्टी असाव्यात. संरक्षण अधिकारी, समुपदेशक आणि आश्रयगृहे अत्यावश्यक सेवेत. हिंसेपासून पळणाऱ्या बाईला परवान्याची गरज नाही, तिचे तोंडी सांगणे पुरे. मुदत संपत आलेले सगळे संरक्षण आदेश आपोआप पुढे चालू. पूरग्रस्तांच्या छावणीत बायकांच्या बाजूला कोणाला प्रवेश नाही, हे ठरवणारी एक जबाबदार व्यक्ती. दंडाधिकाऱ्यांची रोजची ऑनलाइन सुनावणी, फक्त घर सोडण्याच्या हुकमांसाठी. आणि घराच्या नुकसानीची मदत नुसती घर ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात न जाता, वेगळी राहणाऱ्या बायकोलाही वाटा. पुराचे पैसे नवऱ्याच्या खात्यात गेले आणि माहेरी आलेली बाई मुलांची दप्तरे घ्यायला उसनवारी करत राहिली, असे मी पाहिले आहे.

या कामाला माणसे लागतात हे खरे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू होऊन जवळपास वीस वर्षे होत आली, तरी अनेक राज्यांत संरक्षण अधिकारी पुरेसे नेमलेले नाहीत म्हणून मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. एरवीच माणूस नाही, तिथे पुरात कुठून येणार?

आणि आता माझा अर्धा होकार. एका गुन्ह्यासाठी मात्र आपत्तीच्या काळात शिक्षा वाढवावी असे मी आग्रहाने म्हणेन. तो गुन्हा म्हणजे न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडणे. आज एकतिसाव्या कलमाखाली त्याला जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा वीस हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे. हा वीस हजारांचा आकडा २००५ सालचा आहे. इथे वाढीला अर्थ आहे, कारण इथे बाईने आधीच तोंड उघडलेले आहे, न्यायालयाने तिचे ऐकलेले आहे, पुरुषाला हुकूम माहीत आहे. तरी तो संकटाचा आडोसा घेऊन दारात येतो. बंद दुकान फोडणारा आणि हा, यांच्यात फरक नाही. दोघांनाही ठाऊक असते की आज पोलीस यायचा नाही. त्याला ते महागात पडले पाहिजे, आणि त्याच दिवशी. म्हणून वर्षांइतकीच, किंबहुना जास्त, मुदत महत्त्वाची. डॉक्टरांसाठीच्या दुरुस्तीत तपासाला तीस दिवस दिले आहेत. इथे चोवीस तासांत त्याला घराबाहेर काढणे पोलिसांवर बंधनकारक करावे.

आता तुम्ही म्हणाल, या कायद्यांचा गैरवापर होतो त्याचे काय? काही ठिकाणी होतो, मी नाकारत नाही. न्यायालयांनीही ते वेळोवेळी म्हटले आहे. म्हणूनच मी सरसकट वर्षे वाढवायला बिचकते. पण मी मागते आहे त्यात कोणाला खोट्या तक्रारीवर दहा वर्षे आत घालण्याची सोय नाही. दंडाधिकाऱ्याने ऐकून, गरज पाहून, काही दिवस एका माणसाने दुसरीकडे राहावे, एवढेच त्यात आहे. खोट्या तक्रारीत त्या माणसाचे चार दिवस गैरसोयीचे जातील. खऱ्या तक्रारीत एक जीव वाचेल.

शेवटी, श्रोतेहो, कायद्याने करायचे ते कायदा करील. तुमच्या-माझ्या हातात काय आहे? या कायद्याचे चौथे कलम फार कमी लोकांना माहीत आहे. कोणत्याही घरात हिंसा होते आहे किंवा होण्याचा संभव आहे असे वाटले, तर कोणीही, शेजारी, दुकानदार, शिक्षक, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. प्रामाणिक हेतूने कळवले असेल तर त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही. २००८ साली दूरदर्शन संचांवर 'बेल बजाओ'च्या जाहिराती लागायच्या, त्या आठवत असतील. भिंतीपलीकडून आवाज आला की शेजाऱ्याने उठून दाराची घंटी वाजवायची, वाटीभर दूध मागायचे. पुरात आणि साथीत पोलीस लांब असतो. शेजारी मात्र तिथेच असतो.

तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० हे क्रमांक लिहून ठेवा. नव्या फौजदारी प्रक्रियेत इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवलेली खबरही घेतली जाते, तीन दिवसांत सही केली की पुरे. स्वतःसाठी नसेल तर हे क्रमांक तुमच्या गॅलरीसमोरच्या, तुमच्या आळीतल्या, तुमच्या छावणीतल्या कोणासाठी तरी लागतील. पुढचा पूर येण्याआधी तुमच्या ग्रामसभेत, तुमच्या सोसायटीच्या बैठकीत एवढे विचारा, की आपल्याकडे अशी वेळ आली तर बाईने कोणाचे दार वाजवायचे, आणि ते नाव गावातल्या प्रत्येकीला माहीत आहे का.